पोटदुखीचं नाटक

सकाळी पावणेसात वाजले की आमच्या घरात पोटदुखीचं नाटक सुरू व्हायचं. 'नाटक' हा शब्द माझाच. तो आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आमचं घर बेळगावातलं, जुन्या वळणाचं. सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि त्यांची सातवीतली लेक. माझी लेक लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून घरातलं लहान माणूस म्हणजे ही एकटीच. तिला आम्ही सगळे छोटी म्हणतो. जाऊ बँकेत नोकरीला, त्यामुळे छोटीची वेणी, डबा, रिक्षात बसवणं हे सगळं माझ्याकडे. मी डब्यात पोळीभाजी भरत असायची आणि ही मोरीच्या दारात पोट धरून उभी. "मोठी आई, पोटात दुखायलंय."

"कुठं दुखायलंय?"

ती बेंबीभोवती तळहात फिरवायची. "इथं. सगळीकडंच."

"रविवारी नाही दुखत ते?"

यावर ती गप्प बसायची. मला वाटायचं, चोरी पकडली.

सासूबाईंनी आपल्या परीनं सगळं केलं. ओवा-मीठ झालं, हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावून झालं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बेंबी सरकली असणार", म्हणून पोट चोळणारी एक बाई येऊन गेली. जंत असतील म्हणून डिकेमाली दिली. ती तोंडात धरून छोटीनं जो चेहरा केला, त्यानं सासूबाईसुद्धा हसल्या.

मग डॉक्टर सुरू झाले. पहिल्यांनी जंतांचं औषध दिलं, दुसऱ्यांनी ऍसिडिटीचं. तिसऱ्यांनी सोनोग्राफी करायला लावली. त्यात पोटातल्या काही गाठी किंचित मोठ्या दिसतात असं लिहून आलं आणि घरात रडारड झाली. कोणी म्हणालं टीबी, कोणी आणखी काही. माझ्या जावेनं दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. पुढं कळलं की असल्या बारीक गाठी धडधाकट मुलांच्या पोटातही पुष्कळदा दिसतात आणि एरवी सगळं ठीक असेल तर त्यांचा बाऊ करायचा नसतो. पण हे त्या वेळी कोण सांगणार? शेवटी एका डॉक्टरांनी सगळे कागद चाळले आणि म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. शाळा चुकवायची असेल."

मी घरी येऊन छोटीला ऐकवलं, "बघ, डॉक्टरच म्हणाले." तिनं काही उत्तर दिलं नाही. दप्तर उचललं आणि रिक्षात जाऊन बसली. तिची ती पाठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

जूनमध्ये सुरू झालेलं हे ऑगस्टपर्यंत चाललं. तेरा दिवस शाळा बुडाली. मग कोणीतरी मुलांच्या पोटाच्या विकारांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. जावेला रजा मिळेना, म्हणून छोटीला घेऊन मीच गेले. जाताना मनात एकच, आता हिचं पितळ उघडं पडणार. पडलं ते माझंच.

बाई माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आम्ही नेलेली जाडजूड फाईल त्यांनी बाजूला ठेवली आणि खुर्ची वळवून छोटीला म्हणाल्या, "तू सांग. तुझं पोट आहे." बारा वर्षांच्या मुलीला असं कोणी विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्याकडे मुलांना घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि बोलायचं मात्र आपणच, अशीच पद्धत.

मग प्रश्न सुरू झाले. दुखून रात्री झोपेतून जाग येते का? वजन कमी झालंय का? ताप येतो का? शौचातून रक्त जातं का? रात्री उठून जुलाबाला जावं लागतं का? गिळताना अडकतं का? सांधे दुखतात का, तोंडात सारखे फोड येतात का? उलट्या थांबत नाहीत असं होतं का? दुखणं उजव्या बाजूला एका ठिकाणी धरून बसतं का? घरात कोणाला आतड्याच्या सुजेचा आजार आहे का? छोटीच्या उंचीच्या आणि वजनाच्या जुन्या नोंदी मागून त्यांनी त्या आलेखावर मांडल्या. ती तिच्या रेषेवरून नीट वाढत होती.

"काकू, या सगळ्या धोक्याच्या खुणा," त्या म्हणाल्या. "यातली एक जरी असती तरी मी जास्त खोलात गेले असते. हिच्यात एकही नाही. तरी दोन-तीन साध्या तपासण्या करू." त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली, त्यातच गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलियाक आजाराची. शिवाय आतड्याला सूज आहे का हे सांगणारी शौचाची तपासणी. दुर्बीण घालायची गरज नाही म्हणाल्या. मी जरा हिरमुसलेच. दुर्बीण घातली म्हणजे काहीतरी सापडेल, असं आपल्याला वाटत असतं ना.

मग त्यांनी विचारलं, "पोट रोज साफ होतं?"

"होतं की," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी एक रंगीत कागद काढला. त्यावर शौचाची सात चित्रं होती. पहिलं चित्र शेळीच्या लेंड्यांसारखं सुटं आणि टणक, सातवं निव्वळ पाणी. छोटी आधी लाजली, मग हळूच पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. "आठवड्यातून किती वेळा?" तिनं दोन बोटं दाखवली.

मी तिची वेणी घालते, तिचा डबा भरते, तिच्या शाळेच्या बुटांचा नंबर मला पाठ आहे आणि हे मला ठाऊक नव्हतं. मोठ्या होत चाललेल्या मुलीच्या संडासाची चौकशी आपण करत नाही. पाच-सहा वर्षांची झाली की तो विषय आपण दाराआड टाकतो.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेतल्या संडासाची कडी तुटलेली. एकदा ती आत असताना वर्गातल्या मुलींनी दार ढकललं आणि हसल्या. तेव्हापासून शाळेत जायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं. जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायची नाही. आमच्या घरचं पाणी गाळून उकळलेलं, बाटलीतून नेलेलं. बाहेरचं ती पीत नाही. मी रोज संध्याकाळी अर्धीअधिक भरलेली बाटली ओतून टाकायची आणि म्हणायची, बाहेरचं पाणी पीत नाही, किती गुणाची पोर!

डॉक्टरबाईंनी एक कागद घेऊन मोठ्या आतड्याचं चित्र काढलं. शौच रोखून धरलं की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. मग ते कोरडं आणि जाड होतं, बाहेर पडताना दुखतं. दुखतं म्हणून मूल आणखी रोखतं. असं महिनोन्‌महिने झालं की शेवटचा भाग ताणला जातो आणि आता जायला हवं ही जाणीवच बोथट होते. सकाळी न्याहारीनंतर आतडं आपोआप हलायला लागतं, नेमकी तीच वेळ आमच्याकडे रिक्षाची. रविवारी पोट का दुखत नाही, याचं उत्तर त्या चित्रात होतं. रविवारी घाई नसते, आणि संडासाला कडी असते.

"पण म्हणजे नेमकं झालंय काय तिला?" मी विचारलं. मला नाव हवं होतं. घरी गेल्यावर सासूबाईंना सांगायला, जावेला सांगायला.

बाई म्हणाल्या, "पोटाचे आजार दोन तऱ्हेचे असतात. एकात यंत्राचा भाग मोडलेला असतो, व्रण असतो, सूज असते, ती तपासणीत दिसते. दुसऱ्यात भाग सगळे शाबूत असतात, पण चालणं बिघडलेलं असतं. आतडं आणि मेंदू यांच्यात सारखी निरोपांची ये-जा चालू असते. काही मुलांत हे निरोप फार मोठ्यानं पोचतात. तुमच्या-माझ्या पोटात गुडगुडलं तर आपल्याला कळणारही नाही, तेच त्या मुलाला कळ म्हणून जाणवतं. परीक्षेची भीती, भांडण, अपुरी झोप यांनी तो आवाज आणखी वाढतो. म्हणून ते खोटं नसतं. दुखणं खरंच असतं, फक्त फोटोत येत नाही."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. पूर्वी असं निदान वगळून वगळून व्हायचं. ही तपासणी करा, ती करा, काहीच सापडलं नाही की मग मनाचं आहे म्हणा. आता तसं नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून लक्षणांच्या कसोट्या ठरवल्या आहेत, त्यांना रोमच्या कसोट्या म्हणतात. मुलांसाठीच्या कसोट्या पहिल्यांदा १९९९ साली आल्या, आणि २०१६ साली त्या सुधारल्या गेल्या. किती दिवस दुखतं, शौचाशी त्याचा संबंध आहे का, खाण्याशी आहे का, हे नीट विचारून, मूल तपासून, धोक्याच्या खुणा नाहीत हे पाहून डॉक्टर ठामपणे निदान करू शकतात. दहा रिपोर्ट कोरे येण्याची वाट बघावी लागत नाही.

या दुखण्याचा मागोवा जुना आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी ॲपली नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं शाळेतल्या हजार मुलांची पाहणी करून १९५८ साली लिहिलं, की दहातल्या साधारण एका मुलाला असं वारंवार पोटात दुखतं. आणि ती सात चित्रंही त्याच ब्रिस्टलची, १९९७ सालची. दहात एक! म्हणजे छोटीच्या वर्गातच आणखी चार-पाच मुलं असतील. सकाळी पावणेसातला त्यांच्याही घरी कोणीतरी नाटक हा शब्द वापरत असेल.

"हिच्याबाबत मी आजच शेवटचं नाव देत नाही," बाई म्हणाल्या. "आधी बद्धकोष्ठ घालवू. त्याबरोबर दुखणंही गेलं, तर हा नुसता बद्धकोष्ठाचा विकार. पोट साफ व्हायला लागूनही दुखत राहिलं, तर चंचल आतड्याचा विकार म्हणायचं, आयबीएस. उपचार त्याप्रमाणे पुढं न्यायचे."

उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात कोणाला अर्धशिशी आहे?"

"मला आहे," मी म्हटलं. "माझ्या लेकीलाही आहे."

"लेकीला लहानपणी पोटदुखीचे झटके यायचे का?"

मी खुर्चीत परत बसले.

माझी लेक पाचवी-सहावीत होती तेव्हाची गोष्ट. सगळं छान चाललेलं असायचं आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा अचानक बेंबीपाशी कळ उठायची. चेहरा पांढराफटक. उलटी व्हायची. खोलीत अंधार करून पडून राहायची, उजेड नको, आवाज नको. तीन-चार तास असं, मग झोप लागायची. झोपून उठली की जणू काही झालंच नव्हतं, उड्या मारत खेळायला. ते उड्या मारणंच मला खटकायचं. एवढं दुखत होतं तर तासाभरात पळतेस कशी? एकदा गणिताच्या पेपरच्या दिवशी असं झालं. मी तिला अंथरुणातून ओढून उठवलं आणि एक चापट मारली. म्हटलं, "डोळे मिटून पडलीस म्हणजे मला कळत नाही होय? नाटकं पुरे." ती पेपरला गेली. वर्गात उलटी केली. मी शाळेत जाऊन तिला आणलं, तेव्हाही मला वाईट वाटण्याऐवजी लाजच वाटली होती.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं नाही. चापट तर नाहीच. फक्त झटक्यांचं वर्णन केलं. बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी, न तपासता नक्की कसं सांगू? पण तुम्ही सांगताय ते पोटातल्या अर्धशिशीसारखं वाटतं. मुलांत ती पोटात येते. घरात अर्धशिशी असते. यातल्या बऱ्याच मुलांचं पुढं मोठेपणी डोकं दुखायला लागतं."

परतीच्या वाटेवर छोटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मी खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत काहीच नव्हतं.

तपासण्या व्यवस्थित आल्या. औषध सुरू झालं, पाण्यात विरघळणारी एक पूड, जी शौच मऊ ठेवते. बाईंनी बजावलं होतं, "चार दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. महिने लागतात. सवय लागत नाही, घाबरू नका." सासूबाईंना ही पूड पटेना. त्यांचं एरंडेल बरं होतं म्हणे. पण छोटीनं स्वतःच आज्जीला आतड्याचं चित्र काढून दाखवलं, तेव्हा त्या गप्प झाल्या. उठायची वेळ अर्धा तास अलीकडे आली. न्याहारी झाली की दहा मिनिटं संडासात बसायचं, पायाखाली छोटा पाट घ्यायचा, झालं नाही तरी कोणी काही बोलायचं नाही. माझे दीर आणि जाऊ शाळेत जाऊन बाईंना भेटले. नवी कडी बसली, आणि वर्गातल्या बाईंना न विचारता जायची परवानगी छोटीला मिळाली. बाटली संध्याकाळी रिकामी येते का, हे आता मी बघते.

माझ्यासाठी सगळ्यात अवघड सूचना वेगळीच होती. सकाळी उठल्या उठल्या "आज दुखतंय का?" असं विचारायचं नाही. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसतो तेवढी तिची नजर पोटाकडेच राहते. दुखतं म्हणाली तर "हो, दुखत असेल" म्हणायचं, शाळेत पाठवायचं, आणि दुसऱ्या कशाततरी मन गुंतवायचं. विश्वास ठेवायचा पण लाड करायचे नाहीत. इतकी वर्षं मी याच्या बरोबर उलटं करत आले होते. आधी तासभर चौकशी, मग अविश्वास.

तीन आठवड्यांत पोट नियमित साफ व्हायला लागलं. दुखणं निम्म्याहून कमी झालं, पण गेलं नाही. तिनं वहीत रोज नोंद ठेवली होती. घटक चाचणीच्या आठवड्यात चार दिवस दुखलं. तेव्हा बाईंनी नाव पक्कं केलं, चंचल आतडं. आता ती श्वासाचा व्यायाम शिकते आहे आणि दर पंधरा दिवसांनी समुपदेशक ताईंकडे जाते. अजून दुखतं कधी कधी. शाळा मात्र बुडत नाही.

मधल्या काळात दशलक्षण पर्व आलं. अनंत चतुर्दशीचा उपवास करायचाच, असा छोटीचा हट्ट. मैत्रिणी करणार होत्या. डॉक्टरबाईंनी यंदा नको म्हणून सांगितलं होतं. पाणी आणि जेवण यांची घडी आत्ता कुठं बसत होती. ती रडकुंडीला आली. सासूबाई, ज्या स्वतः साठ वर्षं उपवास करत आल्या आहेत, तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "सोळा भावनांत काय सांगितलंय? शक्तितस्तप. शक्तीपरमाणं. तू यंदा आणि कायतरी सोड की." छोटीनं दहा दिवस टीव्ही सोडला. मला वाटतं, उपवासापेक्षा तेच कठीण होतं.

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. दरवर्षी मी बस्तीत भेटेल त्या प्रत्येकीला हात जोडते, "काही चुकलं-माकलं असेल तर क्षमा करा." मोबाईलवर तोच फुलांचा फोटो शंभर जणांना जातो. लेकीलाही जातो, तिचाही तसाच फोटो येतो. यंदा मी फोटो पाठवला नाही. दुपारी, सगळे झोपल्यावर, फोन लावला.

डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. मग म्हटलं, "तू नाटक करत नव्हतीस गं. मी मारलं तुला त्या दिवशी."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

"गणिताच्या पेपरला," ती म्हणाली. "मला वाटायचं तू विसरलीस."

"नाही."

"मारल्याचं एवढं नाही गं आई. पण नंतर मलाच वाटायला लागलं होतं, की मी खोटं बोलत असेन. दुखत असताना मी स्वतःलाच विचारायची, खरंच दुखतंय का?"

आपल्याकडे सूक्ष्म जिवालासुद्धा दुखवू नये म्हणून मी पाणी गाळते, भाजी निवडताना अळी अलगद बाजूला ठेवते. आणि समोरचं माणूस दुखतंय म्हणून सांगत होतं, ते मला गाळण्यात सापडलं नव्हतं. अनेकांत आपण पाठशाळेत शिकतो. एकाच वस्तूबद्दल दोन विधानं आपापल्या जागी खरी असू शकतात. रिपोर्ट नॉर्मल आहे हे खरं, आणि पोट दुखतंय हेही खरं. सहावीतल्या मुलीला हे समजवायचं काम माझं होतं. मी तिला फक्त पहिलंच खरं मानायला लावलं.

"क्षमा कर," मी म्हटलं. या वेळी त्या शब्दांना चुकलं-माकलं असं काही जोडलं नाही. काय चुकलं होतं ते दोघींना माहीत होतं.

ती म्हणाली, "केली." मग जरा थांबून, "छोटीला दे ना फोन. तिला सांगते, उजेड नको वाटला तर डोळ्यांवर काय बांधायचं ते."

"तिचं तसलं नाही गं. तिचं वेगळं आहे."

"असू दे. तरी दे."

छोटी जिन्यात बसून चित्र काढत होती. तिच्या हातात फोन दिला आणि मी संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागले. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची होती. पलीकडून काय बोलणं चाललं होतं ते ऐकू आलं नाही, पण दोघी बराच वेळ बोलत होत्या. मधेच एकदा छोटी मोठ्यानं म्हणाली, "होय की अक्का, अगदी तसंच!"